मासळीचा पैसा कुठे मुरतो? पुणे जिल्ह्यातील एकवीस आमदारांना खुले पत्र

सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

आपल्यापैकी एकाच्याही मतदारसंघाला समुद्र लागत नाही. तरी हे पत्र आपल्यालाच लिहिते आहे. दर वर्षी अर्थसंकल्पी अधिवेशनात मत्स्यव्यवसाय खात्याच्या मागण्या सभागृहापुढे येतात, तेव्हा ‘होय’ म्हणणाऱ्यांत आपणही असता. किनाऱ्यावरचे आमदार आपापल्या गावच्या जेटीसाठी भांडतात आणि ते साहजिकच आहे. आपल्याला तशी जेटी मागायची नाही, म्हणून हिशेब विचारणं आपल्यालाच सोपं जाईल.

मी राज्य शासनाच्या लेखा व कोषागार सेवेतून निवृत्त झाले. धनकवडीत राहते. माहेर दापोली तालुक्यातलं, कोळ्याचं. आयुष्यभर एका हाताने सरकारी बिलं तपासली आणि दुसऱ्या हाताने आईसाठी बर्फाची चौकशी केली. म्हणून या विषयाच्या दोन्ही बाजू मला थोड्या थोड्या ठाऊक आहेत.

आमच्या गावात सरकारी खर्चाने बर्फाचा कारखाना झाला होता. उद्घाटनाला मांडव पडला, बायकांनी नवी लुगडी नेसली, दारावर संगमरवरी पाटी बसली. कारखाना दोन पावसाळे चालला. मग कॉम्प्रेसर बिघडला. दुरुस्तीचं अंदाजपत्रक वर गेलं ते परत आलंच नाही. मधल्या काळात विजेचं बिल थकलं, मीटर काढून नेला. आज त्या खोलीत जाळी ठेवतात. दारं केव्हाच गेली, पाटी मात्र शाबूत आहे. त्यानंतर आईने जवळजवळ वीस वर्षं बाहेरगावाहून टेंपोने येणाऱ्या बर्फावर धंदा केला. टेंपो आला नाही की दुपारी बारापर्यंत बांगड्याचे डोळे लाल व्हायचे आणि मग मासळीची टोपली मिळेल त्या भावाला द्यावी लागायची, नाहीतर घरी आणून मीठ लावायचं. हात मिठाने चिरलेले असायचे तिचे.

पुढे नोकरीत हिशेबाची पुस्तकं हाताळू लागले, तेव्हा कळलं की कागदोपत्री तो कारखाना कधी बंद पडलाच नव्हता. आपले सरकारी हिशेब रोखीचे. पैसा खर्च झाला की भांडवली खात्यात नोंद पडते आणि ती रक्कम तिथेच वर्षानुवर्षं पुढे ओढली जाते. घसारा, म्हणजे दर वर्षीच्या झिजेची वजावट, नाही; मालमत्ता चालू आहे की पडून आहे याचा रकाना नाही. मत्स्यव्यवसायाच्या महसुली खर्चाचं मुख्य लेखाशीर्ष २४०५, भांडवली खर्चाचं ४४०५. जेटी, बर्फ कारखाना, मत्स्यबीज केंद्र बांधायचं तर ४४०५. त्याच कारखान्याच्या कॉम्प्रेसरचं तेल, वॉचमनचा पगार, जेटीपुढचा रोजचा गाळ यांचे पैसे बहुधा २४०५ मधून. आणि वर्षाअखेर काटकसरीचं परिपत्रक निघतं, तेव्हा पहिली कात्री देखभालीच्या पैशाला लागते. पाटी लावायला पैसे असतात, तेल घालायला नसतात.

आता देशोदेशींचं बघू. ‘अमुक देश मासेमारीवर इतका भांडवली खर्च करतो आणि आपण इतकाच’ अशी तुलना आपल्या भाषणांतही येते. मीही एकेकाळी असे तक्ते हौसेने बघत असे. पण ते तक्ते जपून वाचावे लागतात. सरकारी खर्चाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत मासेमारी आणि शिकार एकाच रकान्यात आहेत, आणि तो रकाना शेतीच्या मोठ्या खात्यात मोडतो. जपानमधलं मासेमारी बंदर सार्वजनिक बांधकामाच्या हिशेबात येतं. कॅनडात अगदी अलीकडेपर्यंत तटरक्षक दल मत्स्य खात्याच्या अखत्यारीत होतं, त्यामुळे त्या खात्याच्या भांडवली खर्चात बर्फ फोडणारी जहाजंसुद्धा असत. आपल्याकडे केंद्राने राज्याला जेटीसाठी दिलेलं अनुदान केंद्राच्या वहीत महसुली खर्च म्हणून लिहिलं जातं, कारण जेटी केंद्राच्या मालकीची होत नाही. तीच जेटी राज्यात बंदरांच्या लेखाशीर्षातून झाली तर मत्स्यव्यवसायाच्या खर्चात दिसणारही नाही. तेव्हा कोणाचा आकडा मोठा, या वादात फार हाती लागत नाही. पैशाचं काय बनलं आणि ते पुढे टिकलं का, एवढंच विचारावं.

आफ्रिकेतल्या मोझांबिकचं उदाहरण मुद्दाम थोडं सविस्तर सांगते, कारण ते लोकप्रतिनिधींसाठीच आहे. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने टुना मासेमारीचा ताफा उभारायचा म्हणून एका नव्या सरकारी कंपनीच्या नावाने ८५ कोटी डॉलर उभे केले. गरीब देश, लांबलचक किनारा, परदेशी जहाजं मासळी नेतात, मग आपलाच ताफा का नको? कारण कोणालाही पटेल असंच होतं. फ्रान्समध्ये चोवीस मासेमारी बोटी बांधल्या गेल्या, राजधानी मापुतोच्या बंदरात आल्या आणि बहुतांश काळ धक्क्याला बांधूनच राहिल्या. त्या कर्जाला सरकारने हमी दिली होती आणि ती देताना संसदेला विचारलंच नव्हतं. अशीच आणखी दोन कर्जं गुप्तपणे काढली होती. २०१६ मध्ये हे उघड झालं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आणि मदत देणाऱ्या देशांनी हात आखडते घेतले आणि देशाची अर्थव्यवस्था कोसळली. २०१९ मध्ये तिथल्या घटनात्मक परिषदेने टुना कंपनीचं कर्ज आणि हमी अवैध ठरवली. तेव्हाचे अर्थमंत्री मान्युएल चांग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरवलं गेलं. त्या बोटींमधून किती मासळी आली, हे कोणी विचारायच्या आत रुग्णालयांचे आणि शाळांचे पैसे गेले होते. सभागृहाला विचारलं असतं तर कदाचित एखाद्या सदस्याने उठून म्हटलं असतं, की या बोटी चालवणार कोण आणि त्यांचा खर्च कशातून भागणार?

व्हिएतनाममध्ये लाचलुचपतीची कथा नव्हती, हेतू चांगला होता. २०१४ च्या एका सरकारी आदेशाने मच्छीमारांना लोखंडी बोटी बांधायला स्वस्त कर्जं मिळाली. २०१७ पर्यंत बिन्ह दिन्ह प्रांतात अशा कित्येक नव्याकोऱ्या बोटींचे पत्रे गंजले, इंजिनं बंद पडली. ठरल्यापेक्षा हलक्या प्रतीचं पोलाद आणि इंजिनं बसवल्याचं चौकशीत निघालं. बोट धक्क्याला आणि हप्ता डोक्यावर, अशी मच्छीमारांची गत झाली.

कॅनडाचं उलट्या बाजूने बघा. १९७७ मध्ये दोनशे सागरी मैलांची हद्द मिळाल्यावर न्यूफाउंडलंडकडे बोटी आणि प्रक्रिया कारखाने सरकारी मदतीने वाढत गेले. २ जुलै १९९२ ला कॉड मासा इतका संपला की मासेमारीच बंद करावी लागली. तीसेक हजार माणसं एका दिवसात बेकार झाली. पुढे त्यांना सावरायला सरकारने १९९४ च्या एकाच योजनेत १.९ अब्ज कॅनडियन डॉलर ठेवले. आधी बोटी वाढवायला पैसे, मग थांबवायला पैसे. युरोपीय संघानेही हाच धडा घेऊन २००४ च्या अखेरीस नव्या बोटी बांधायचं अनुदान बंद केलं.

पण त्याच कॅनडाची एक गोष्ट मला फार आवडते. तिथे सुमारे हजार छोटी मासेमारी बंदरं सरकारच्या मालकीची आहेत आणि त्यातली महत्त्वाची बंदरं पाचशेहून अधिक स्थानिक समित्या चालवतात. समितीत बहुतेक तिथलेच मच्छीमार. बोट लावायचं भाडं समिती गोळा करते, दिवा गेला, फळी मोडली तर तीच बघते. धक्का खचला, गाळ काढायचा झाला तर मोठा पैसा सरकारचा. जबाबदारी कुठे संपते आणि कुठे सुरू होते, हे करारात लिहिलेलं असतं. आमच्या गावच्या बर्फ कारखान्याची किल्ली कोणाकडे असावी, एवढंही कुठे लिहिलेलं नव्हतं.

जपानकडे सुमारे २,८०० मासेमारी बंदरं आहेत. १९५० चा कायदा, त्यानुसार आखणी, लहान बंदरं बहुतेक गावच्या पालिकेकडे. मार्च २०११ च्या त्सुनामीत ३१९ बंदरांचं नुकसान झालं, ती पुन्हा उभी केली. कौतुक वाटावं असंच आहे. तरीही जपानची मासळी १९८४ मध्ये सव्वाशे लाख टनांच्या वर होती ती आज चाळीस लाखांच्याही खाली आली आहे. धक्के आहेत, बोटी कमी, माणसं म्हातारी. आता तिथे नव्या बांधकामापेक्षा जुन्या बंदरांची तपासणी आणि डागडुजी हाच मोठा विषय झाला आहे. काँक्रीट ओतलं म्हणून मासळी वाढत नाही, हे जपानइतकं महागात कोणी शिकलं नसेल.

जगभराचा एक आकडा सांगते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१८ साली सगळ्या देशांनी मिळून मासेमारीला ३५.४ अब्ज डॉलरचं साहाय्य दिलं. त्यातले २२.२ अब्ज मासे पकडायची ताकद वाढवण्यात गेले: डिझेल, बोटी, इंजिनं. जागतिक व्यापार संघटनेने जून २०२२ मध्ये या साहाय्यावर अंकुश आणणारा करार केला, तो सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. जिनिव्हात आपले वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी सांगितलं होतं की भारत मच्छीमार कुटुंबाला वर्षाला जेमतेम १५ डॉलर देतो, श्रीमंत देश हजारो देतात. त्यांचं म्हणणं खरं होतं आणि मांडायलाच हवं होतं. पण ते वाचताना माझ्या मनात आलं, हे पंधरा डॉलर तरी माझ्या आईपर्यंत कोणत्या रूपात पोचले?

आपल्या घोषणांचीही बेरीज करून बघा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० ची, २०,०५० कोटींची. यात केंद्राचे ९,४०७, राज्यांचे ४,८८० आणि लाभार्थ्यांचे स्वतःचे ५,७६३ कोटी. म्हणजे चारातला एक रुपया नव्हे, त्याहूनही जास्त, मच्छीमाराने खिशातून किंवा बँकेकडून आणायचा आहे. त्याआधी २०१८ मध्ये ७,५२२ कोटींचा पायाभूत सुविधा निधी जाहीर झाला. त्यातले ५,२६६ कोटी कर्जाऊ, १,३१६ कोटी लाभार्थ्यांचे, आणि अर्थसंकल्पातून यायचे होते ९३९ कोटी. योजना वाईट आहेत असं मी म्हणत नाही. महिलांना ६० टक्के अनुदान ही चांगलीच तरतूद आहे. पण उरलेले ४० टक्के आणायला माझ्या भावजयीने बँकेच्या सात खेपा घातल्या. तारण म्हणून तिच्याकडे एक घर, तेही गावठाणात, सातबारा नसलेलं. फाईल तशीच परत आली. मोठ्या यांत्रिक बोटीने वेढा घालणारं जाळं टाकणारा पर्ससीनवाला मात्र बँकेत ओळखीचा असतो. भांडवली पैसा उताराकडे वाहतो आणि उतार नेहमी मोठ्या बोटीकडेच असतो.

३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला एकाच मांडवात ७६,००० कोटींहून मोठ्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि देशभरातल्या मत्स्यव्यवसायाच्या सुमारे १,५६० कोटींच्या प्रकल्पांचीही घोषणा झाली. वाढवणच्या समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणारे लोक त्या बंदराला विरोध करत होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की किनाऱ्यावरच्या माणसाला काय वाटतं, एवढं फक्त आपण मनात आणून बघावं.

आता पुण्याचं. गणेश पेठेच्या मासळी बाजारात पहाटे जाऊन बघा. रविवारी गर्दी फार, बुधवारी जा. खोल समुद्रातली मासळी, खाडीची, नदीची, असे वेगवेगळे ढीग आणि त्यांच्या जोडीला आंध्रातून आलेली रहू, कतला, सीलन. थर्माकोलच्या खोक्यांवर कुटलेला बर्फ, खाली वितळलेलं पाणी, त्यात उभ्या चपला. आंध्रचा ट्रक शेकडो किलोमीटर बर्फ सांभाळत येतो. उजनीचं पाणी पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. मग ही रहू उजनीची का नाही?

इंदापूर, दौंडकडच्या सदस्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. उजनीत आता चिलापी (तिलापिया) मासाच फार. वडापसारख्या बारीक जाळ्यांनी बोटभर पिल्लंसुद्धा उपसली जातात. मत्स्यबीज सोडायचं तर बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, चांगल्या आकाराची हवी, नाहीतर ती मोठ्या माशांच्या पोटात जाते. ती वाढवायला जवळपास तळी हवीत. आणि दर उन्हाळ्यात उजनी वजा पातळीत गेली की पाणी इतकं मागे सरतं, की काठावर बांधलेला पक्का धक्का मे महिन्यात कोरड्या चिखलात उभा राहील. तिथे हवा तरंगता किंवा सरकवता येणारा धक्का, भिगवणला भरवशाचा बर्फ, साफ पाणी, बायकांना स्वच्छतागृह. कोकणातल्या जेटीचा नकाशा उचलून उजनीवर ठेवला तर पैसा वाया जाईल. असं काही तरी मंजूर होण्याआधी भोई वस्तीत जाऊन दोन उन्हाळे जुनी खूण विचारावी, कुठपर्यंत पाणी राहतं.

आणखी एक गोष्ट पुण्यातच आहे. खडकवासल्याचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र १९१६ पासून काम करतंय. मोठाल्या शेडमध्ये बंदरांच्या प्रतिकृती, त्यात यंत्राने लाटा सोडून बघतात की लाटरोधक भिंत कुठे घातली तर गाळ कुठे साचेल. मासेमारी बंदरांचेही असे अभ्यास तिथे होतात. इतकं ज्ञान आपल्या दाराशी आहे, तरी कोकणात बंदराच्या तोंडाशी वाळू साचून ओहोटीला बोटी आत येईनात, अशी ओरड दर हंगामात ऐकू येते. भिंतीचा खर्च भांडवली, म्हणून तो होतो. गाळाचा खर्च दर वर्षीचा, म्हणून तो राहतो.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, त्याचं मी मनापासून स्वागत केलं. शेतीच्या दराने वीज खरोखर मिळाली तर कितीतरी बर्फ कारखाने तगतील. पण बंद पडलेले आधी मोजायला हवेत.

म्हणून आपल्याकडे मागणं आहे. येत्या अधिवेशनात एक प्रश्न विचारा: लेखाशीर्ष ४४०५ मधून आणि बंदरांच्या लेखाशीर्षातून मासेमारीसाठी गेल्या वीस वर्षांत राज्यात जे जे बांधलं, त्याची गाववार यादी द्या. प्रत्येकापुढे बांधल्याचं वर्ष, खर्च, आज चालू की बंद, बंद असेल तर केव्हापासून, आणि किल्ली कोणाकडे. ही यादी पटलावर ठेवली जाईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. नव्या कामाला मंजुरी देताना पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचे पैसे कुठून येणार, हे त्याच कागदावर लिहून मागा. आणि पकडायची ताकद वाढवणाऱ्या अनुदानाला सरळ हरकत घ्या. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीत २०१९ साली महाराष्ट्राची सागरी मासळी सुमारे दोन लाख टनांवर आली होती, त्याआधीच्या पंचेचाळीस वर्षांतली सगळ्यात कमी. त्या वर्षी वादळं होती हे खरं, पण फक्त वादळांनी असं होत नाही. समुद्रात आणखी अश्वशक्ती ओतण्यापेक्षा आलेली मासळी नासू न देण्यावर खर्च केला तर त्याचा पैसा छोट्या होडीवाल्याला आणि ओट्यावर बसणाऱ्या बाईला लगेच दिसतो. आई म्हणायची, “बर्फ असला तर भाव आपल्या तोंडात, नसला तर व्यापाऱ्याच्या.”

ती आता नाही. यादी आली तर तिच्यात आमच्या गावची ओळ मी आधी शोधेन. बघायचंय, तिथे ‘चालू’ लिहिलंय की ‘बंद’.

कळावे,

आपली नम्र,
धनकवडी, पुणे येथील एक निवृत्त लेखाधिकारी